दोन पाकिटांची पेटी

“अंकल, याला अजून चहा पाजा. हा कागद सव्वाशे वर्षांचा वाटत नाही. काल कोणीतरी याच्यावर कप लवंडलाय, एवढंच वाटतं.”

मी दाराबाहेर उभी होते. मुलाखतीला आले होते आणि दार वाजवायचा धीर होत नव्हता. आतलं बोलणं इंग्रजीत चाललं होतं, पण त्याची चाल अशी होती, की माझी आईच कोणाला तरी रागावते आहे असं वाटावं. दुसरा आवाज एका वयस्क चिनी माणसाचा होता. तो सिंगापूरच्या सवयीने वाक्याला ‘लाह’ जोडत म्हणत होता, आणखी भिजवला तर फाटेल लाह, मॅडम. त्यावर पहिला आवाज म्हणाला, फाटू दे, मूळचाही घडीवर फाटलेलाच आहे.

ही २००४ सालची गोष्ट. सिंगापूरच्या पश्चिम भागातली ती शाळा कॅनडाचा अभ्यासक्रम शिकवायची. चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटपासून एका बसने जाता येतं, एवढ्याच कारणासाठी बाबांनी ती जाहिरात कापून माझ्या टेबलावर ठेवली होती. जागा रिसोर्स रूममधल्या मदतनिसाची होती. वर्गात लागणारे नकाशे, तक्ते, नमुने, पेट्या त्या खोलीत तयार होत.

आत गेले तेव्हा विज्ञानाच्या प्रयोगशाळेतले अंकल एका ट्रेमध्ये चहात बुडवलेला कागद चिमट्याने धरून उभे होते. त्यांच्यासमोर साठीच्या, काटकुळ्या बाई. सुती साडी, पायांत शाळेच्या मुलांचे असतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट आणि साडीवरून पुरुषी, बिनबाह्यांचा स्वेटर. शाळेच्या एसीशी त्यांचं वैर होतं. तो स्वेटर कोणाचा, हे मी पुढच्या चार वर्षांत विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

माझी प्रमाणपत्रं त्यांनी उघडलीच नाहीत. आडनाव वाचून एकदम मराठीत सुरू झाल्या. घरून बसने कशा येतात, मग कुठल्या सिग्नलला उतरतात, वाटेत कोणाच्या कुंड्या लागतात, त्यातली कुठली तुळस मरायला टेकली आहे, असं पाचेक मिनिटं काहीतरी सांगत राहिल्या. मग मला ट्रे धुवायला लावले. अर्ध्या तासाने म्हणाल्या, “आता सांग, मी मघाशी काय म्हणाले?”

मी सांगितलं. लहानपणापासून मी गप्प बसणारी. जिथे बोलायचं नसतं तिथे ऐकून घेण्याशिवाय काही करता येत नाही, त्यामुळे मला बोलणं लक्षात राहतं. शेवटी म्हटलं, “तुम्ही डावीकडे वळते म्हणालात, पण हात उजवीकडे केलात.”

“उद्यापासून ये,” त्या म्हणाल्या. “आणि मला मॅडम म्हणू नकोस. बाई म्हण. मॅडम म्हटलं की मला कपड्यांच्या दुकानात उभं राहिल्यासारखं वाटतं.”

बाईंचं सगळं जीवन त्या काळात एका धड्याभोवती फिरत होतं. आठवीला कॅनडाच्या इतिहासात एक भाग होता. तिथल्या मूळच्या लोकांशी इंग्रज सरकारने वेळोवेळी जे तह केले, त्यांचा. पाठ्यपुस्तकात त्याला चार पानं होती. बाई म्हणत, आपणही शाळेत असेच तह पाठ केले. पुरंदरच्या तहात किती किल्ले दिले, किती राहिले, एवढं आलं की पाच मार्क. त्या दिवशी समोरासमोर बसलेली माणसं एकमेकांना काय म्हणाली, हे कुणी विचारलं नाही आणि आम्हालाही सुचलं नाही.

म्हणून त्यांनी पेटी काढली. लाकडी, बुटाच्या खोक्यापेक्षा जरा मोठी. अशा बारा करायच्या होत्या. आत दोन पाकिटं. पहिल्यात कागद, म्हणजे तहाची नक्कल, चहा पाजून जुनी केलेली, खाली सह्या आणि सह्या न येणाऱ्यांच्या फुल्या. दुसऱ्या पाकिटात पुठ्ठ्याची कार्डं. त्या लोकांच्या घरात आजोबांकडून नातवंडांकडे आलेली आठवण त्यांवर होती: तहाच्या वेळी तोंडी काय ठरलं होतं. दोन्ही पाकिटं जुळत नसत. कागद म्हणे, या लोकांनी जमिनीवरचा हक्क कायमचा सोडला. आठवण म्हणे, आम्ही जमीन वाटून घ्यायला तयार झालो, तीही नांगराचा फाळ जातो तेवढी खोल. त्याखालचं द्यायची गोष्टच निघाली नव्हती.

प्रत्येक कार्ड लिहून झालं की मला गृहपाठ असे: घरी जाऊन आईला मराठीत सांगायचं. आईला कळलं नाही तर कार्ड रद्द. बाई आणि आई तोवर भेटलेल्याही नव्हत्या. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी घरातल्या कामापुरतं होतं. ‘हक्क सोडणे’ याला शब्द शोधताना मी तीन दिवस अडले. फाळाचं कार्ड मी सांगितलं तेव्हा आई आमटीला फोडणी देत होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बरोबरच आहे की त्यांचं. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून भाडेकरू पाया खणायला लागला तर चालेल का?” दुसऱ्या दिवशी बाईंनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि म्हणाल्या, “तुझी आई इथे नोकरीला यायला हवी होती.”

बाई मूळच्या नाशिककडच्या. वडील जंगल खात्यात रेंजर होते, डांगच्या सीमेवर. तिथल्या भिल्ल राजांची जंगलं इंग्रजांनी कराराने घेतली होती, आणि त्याबद्दलचं मानधन दर वर्षी दरबार भरवून दिलं जायचं. इंग्रज गेले तरी तो दरबार राहिला. लहानपणी वडिलांबरोबर बाई तो बघायला गेल्या होत्या. त्या सांगत, की फेटा बांधलेल्या एका म्हाताऱ्या राजाने वडिलांना आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाला, साहेब, कागद तुमच्याकडे राहिला, गोष्ट आमच्याकडे राहिली. वडील हसले. बाईंना हसू आलं नाही. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे सिंगापूरला आल्या, नवरा गेला, त्या राहिल्या आणि कॅनडाच्या अभ्यासक्रमात त्यांना तोच म्हातारा पुन्हा भेटला, असं त्या म्हणत.

तेव्हापासून की काय, लिहून घेण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. “लिहिलं की माणूस लक्षात ठेवायचं सोडतो,” म्हणत. यादी करत नसत, निरोपाची चिठ्ठी ठेवत नसत. काहीही ठरलं की ते तिसऱ्या माणसासमोर मोठ्याने बोलायचं, हा खोलीचा कायदा. तिसरं माणूस बहुधा मी. शाळेजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाड्यांच्या मंडईत, नूडल्सच्या गाड्यावर गेलं की बाई तिथल्या आंटीकडून वदवून घेत: अंडं नाही, कोळंबी नाही, कोळंबी घातलेली मिरचीची चटणीही नाही. मग मागे वळून मला विचारत, “ऐकलंस ना?” पुढे पुढे आंटी बाईंना लांबून पाहूनच उजवा हात वर करायची आणि सगळं एका दमात म्हणून टाकायची, “नो एग नो प्रॉन नो चिली पेस्ट, युवर गर्ल हियर ऑलरेडी.” रांगेतले लोक माझ्याकडे बघत. मी ताटल्यांकडे बघत असे.

तह नक्की करताना काही मूळ लोक शिंपल्यांच्या मण्यांचा पट्टा विणत. पांढऱ्या पट्ट्यावर जांभळ्या दोन रेघा, शेजारून जाणाऱ्या दोन होड्यांसारख्या, एकमेकींना न छेदणाऱ्या. पेटीत तो पट्टा हवाच होता. मण्यांसाठी आम्ही लिटिल इंडियाच्या सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. दुकानदार जांभळ्याच्या दहा छटा काढून दाखवी आणि बाई मान हलवत. “जांभळा नको. वांगी.” तो तमिळ दुकानदार हताश होऊन माझ्याकडे बघे. शेवटी बाई पलीकडच्या भाजीवाल्याकडून एक वांगं घेऊन आल्या आणि त्याच्या काउंटरवर ठेवलं. मणी मिळाले. वांग्याचं घरी भरीत झालं.

एका रविवारी त्यांनी मला ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठी फिरायला बोलावलं होतं. सायकलवाल्यांच्या वाटेवर मध्येच उभ्या राहिल्या. पाण्याकडे बघून म्हणाल्या, “इथे इंग्रज आले तेव्हा होड्यांत राहणारी माणसं होती. बेट कुणाला द्यायचं ते सुलतानाशी ठरलं. होडीतल्यांना कुणी विचारलं?” मागून घंटा वाजत होत्या. मी त्यांना दंडाला धरून गवतावर ओढलं. तो विचार तिथेच राहिला नाही. दुसऱ्या दिवशी तेराव्या, सिंगापूरच्या पेटीसाठी त्यांनी एक फडताळ रिकामं केलं होतं.

वर्गात पेटी कशी वापरायची, तेही त्यांनी ठरवलं होतं. पाच मुलं पुढे येत. सरकारचा माणूस, दुभाषा, टोळीचा प्रमुख, लिहून घेणारा आणि साक्षीदार. साक्षीदाराने लिहायचं नाही, बोलायचं नाही, फक्त बसायचं. बाकीची मुलं आपापसांत तह ठरवत, लिहिणारा आपल्याला सोयीचं तेवढं लिही. पुढचे दोन आठवडे त्या तहाप्रमाणे खेळ चाले, शेवटी कागद वाचून दाखवत आणि मग साक्षीदाराला उभं करत. त्या कामाला बाई वर्गातलं सगळ्यात गप्प मूल निवडत.

एकदा एक कोरियन मुलगी साक्षीदार होती. वर्षभरात तिचा आवाज शिक्षकांनीही क्वचितच ऐकला असेल. सगळा वर्ग अर्थातच प्रमुखाच्या बाजूचा, सरकारच्या माणसाला कोंडीत पकडायला टपलेला. ती उभी राहिली आणि सरकारने दिलेली तीन वचनं तिने सांगितली, जी कागदावर नव्हती. मुलांनी बाकं वाजवली. ती बसली नाही. थांबून म्हणाली, की प्रमुखानेही एक वचन दिलं होतं, नदीकाठची वाट सगळ्यांना मोकळी ठेवण्याचं, आणि मागच्या आठवड्याच्या खेळात त्याने ती बंद केली. वर्ग नाराज झाला. प्रमुख झालेला मुलगा म्हणाला, तू कोणाच्या बाजूची आहेस? बाईंनी त्याला बसवलं आणि तिलाही बसायला सांगितलं. खोलीत परत आल्यावर बराच वेळ त्या नुसती पेटीची कडी उघडत मिटत बसल्या. मग म्हणाल्या, “अर्धी साक्ष म्हणजे वकिली. या पोरीला कोणी शिकवलं गं हे?”

दुसऱ्या पाकिटातली बोलणी छापायला परवानगी हवी, हे त्यांना पहिल्यापासून वाटत होतं. कॅनडाच्या गवताळ मुलखात एक आजीबाई होत्या, त्याच लोकांतल्या, निवृत्त शिक्षिका. बाईंनी त्यांना तीन पत्रं पाठवली. कागदावर विश्वास नसलेल्या बाईंनी. उत्तर आलं नाही. मग एका सकाळी सव्वाआठला फोन वाजला. दोघी तासभर बोलल्या. बहुतेक वेळ बाई ऐकतच होत्या. फोन ठेवून त्यांनी मला समोर बसवलं आणि झालेलं सगळं सांगितलं, कारण साक्षीदार हवा. आजीबाई हो म्हणाल्या होत्या. एका अटीवर. आमचं बोलणं त्या कागदाच्या शेजारीच ठेवा. कागद एकटा कुठे पाठवू नका. एकटा गेला की तोच खरा होऊन बसतो. बाईंनी शब्द दिला होता.

त्याच आठवड्यात, मंगळवारी, मुख्याध्यापक खोलीत आले. उंच, भला माणूस, कॅनडाचाच. सकाळची कॉफी ते खालच्या गाड्यावरून, दोरी बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत आणत आणि नळीने ओढत फिरत. बाईंनी त्यांना फोनची हकीकत सांगितली आणि आपण दिलेला शब्द सांगितला. ते म्हणाले, मी इथे असेपर्यंत दोन्ही पाकिटं बरोबरच जातील, नाहीतर पेटी जाणार नाही. मग जरा घुटमळून त्यांनी दुसरा विषय काढला. बाईंचं निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं, त्यांनी तीनदा मुदत वाढवून घेतली होती, आता वरून विचारणा होत होती. ही खोली पुढे कोणाकडे तरी सोपवायला हवी. बाई लगेच म्हणाल्या, बारा पेट्या भरल्या की किल्ली तुमच्या टेबलावर. दोघांनी हात मिळवले. मी दाराशी मणी निवडत बसले होते. “ऐकलंस ना?” बाई म्हणाल्या. मी मान हलवली.

त्या दिवशी आठ पेट्या तयार होत्या. नववी, दहावी, अकरावी भराभर झाल्या. बाराव्या पेटीला दीड वर्ष लागलं.

कधी लाकूड चांगलं नव्हतं. कधी चहाचा रंग बरोबर येत नव्हता. अंकल बिचारे तीन प्रकारची पानं उकळून बसले. मधेच बाईंनी सिंगापूरच्या पेटीचं काम काढलं, मग डांगच्या पेटीचं. मी एकदा हळूच म्हटलं, की बाई, बारावी राहिली आहे. त्या म्हणाल्या, “होईल गं. घाई कुणाला आहे?” घरी एकटं राहणाऱ्या बाईंना सकाळी सातला उघडायला ती खोली होती, हे मला कळत होतं. किल्ली त्या काळ्या दोऱ्यात गळ्यात घालत. आंघोळीलाही काढत नसाव्यात, दोरा सारखा ओला असे. मी पुन्हा विचारलं नाही.

बाई आता नाशिकला असतात, भाच्याच्या शेजारच्या घरात. महिन्यातून एकदा फोन करतात आणि पहिले आईशी बोलतात, नंतर माझ्याशी. आजूबाजूच्या शाळांना त्यांनी तहाच्या खेळाला लावलं आहे. मागच्या वेळी सांगत होत्या, की एका मुलाने साक्षीदार असताना झोप काढली आणि ती कबूलही केली, म्हणून त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकलं की सगळे पहिल्यांदा बाईंचं काय झालं तेच विचारतात.

२००८च्या मे महिन्यात आमच्या खोलीतच बैठक झाली. आमच्या शाळेच्या दोन जोडशाळा होत्या, दुसऱ्या देशांत. त्यांना पेट्या हव्या होत्या. त्यांच्याकडून दोन पाहुण्या आल्या होत्या, दोघीही नीटनेटक्या, हसतमुख. त्यांनी पट्ट्यावरून बोट फिरवलं, चहाच्या कागदाचं कौतुक केलं आणि मग म्हणाल्या, की पहिलं पाकीट उत्तम आहे. दुसऱ्याला लेखी आधार नाही, आमच्याकडे त्याशिवाय वर्गात काही देता येत नाही, तेव्हा आम्ही पहिलंच तेवढं नेऊ.

बाईंनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. म्हणाल्या, की तुमचा शब्द आहे. ते अवघडले. कागद चाळले. म्हणाले, बैठकीच्या नोंदींत तर काही दिसत नाही. मी कदाचित तशी इच्छा बोलून दाखवली असेल, पण वचन दिल्याचं मला आठवत नाही. मला वाटतं, ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. त्या दीड वर्षात त्यांना इतर शंभर गोष्टी आठवाव्या लागल्या होत्या.

एकटं पहिलं पाकीट गेलं तर फोनवरच्या त्या आजीबाईंना दिलेला शब्द मोडणार होता. बाईंच्या हाताची बोटं पेटीच्या झाकणावर अगदी स्थिर होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. माझं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं, तो त्यांचा हक्क होता. पण त्या समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या.

मी कोपऱ्यात, पाण्याच्या ग्लासांजवळ बसले होते. त्या मंगळवारी दिलेली दोन वचनं मला एकाच वेळी आठवत होती. एक सांगावं आणि दुसरं लपवावं, असं मनात आलं. पहिलं तेवढं सांगून बसले असते, तर कोणाला कळणार होतं? मुख्याध्यापकांना दुसरंही आठवत नव्हतं. आठवत असतं तर तेव्हाच म्हणाले असते. बाईंना खोली मिळाली असती, अजून एखादं वर्ष, अजून एक पेटी. आणि खरं सांगायचं, तर मलाही त्या खोलीत दुसरं कोणी नको होतं.

मी उभी राहिले. खुर्ची मागे सरकली तिचा आवाज फार झाला आणि सगळे वळले.

मी म्हटलं, “सर, तुम्ही वचन दिलं होतं. मंगळवार होता, तुम्ही कपाटाला टेकून कॉफी पीत होतात. तुम्ही म्हणालात, मी इथे असेपर्यंत दोन्ही पाकिटं बरोबरच जातील, नाहीतर पेटी जाणार नाही. मी चार हातांवर बसले होते.”

पाहुण्यांपैकी एकीने पेन खाली ठेवलं. मुख्याध्यापक कपाळ चोळत कपाटाच्या दिशेने बघू लागले, जणू तिथे ते स्वतः अजून उभे असतील. मग हळूहळू त्यांनी मान हलवली. हो, असं म्हणालो असेन. हो. बाईंनी पेटी आपल्याकडे ओढून घेतली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी तेवढा उजळलेला कधी पाहिला नव्हता. तेव्हा बसायला हवं होतं.

मी बसले नाही. बाईंनी ते ओळखलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटले आणि अगदी थोडी, होकाराची मान हलवली. पुढचंही मी इंग्रजीतच बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून. फक्त एक शब्द मराठीत राहिला.

“आणि बाई, तुम्ही म्हणाला होतात, बारा पेट्या भरल्या की किल्ली सरांच्या टेबलावर ठेवीन. बारावी पेटी शुक्रवारी भरली. मी स्वतः मोजली.”